बादली उचलायची नाही

आमच्या पिढीतल्या बायका धावल्या त्या दोनच कारणांसाठी: नळाला पाणी आलं म्हणून, नाहीतर पीएमटी सुटत होती म्हणून. दोन्ही वेळा हातात काहीतरी असायचंच, कळशी नाहीतर पिशवी. आणि दोन्ही वेळा पोचल्यावर पदर सारखा करून आपण धावलोच नव्हतो असा चेहरा करावा लागे. आता आमच्यातल्याच काही जणी पहाटे साडेपाचला विद्यापीठाच्या आवारात धावताना दिसतात. हात मोकळे असतात, पोचायचं कुठेच नसतं, आणि धावून झाल्यावर चेहरा लपवायचं सोडून त्याचा फोटो काढतात. त्यांतल्या काहींच्या टी-शर्टाखाली एका बाजूला छाती नसते. मी त्यांतलीच एक.

धावणं आमच्या अंगातून काढून घेतलं गेलं ते साधारण सातवीत. तोवर वाड्याच्या चौकात लंगडी, लगोरी, डबा ऐसपैस, सगळं चाले. मग एके दिवशी कुणाची तरी आजी ओट्यावरून म्हणायची, "एवढी घोडी झाली तरी उंडारतेय मेली," आणि विषय संपायचा. शाळेच्या क्रीडादिनाला मुलींसाठी लिंबू-चमचा ठेवलेला असे, म्हणजे जोरात धावलं की हरायचं अशी शर्यत मुद्दाम आमच्यासाठी शोधून काढलेली. अपवाद मंगळागौरीचा. त्या रात्री फुगडी, झिम्मा, पिंगा असं पहाटेपर्यंत घामाघूम होऊन खेळलं तरी कुणाच्या गर्भाशयाची काळजी कुणाला वाटत नसे. बाहेरच्या शहाण्यासुरत्या जगाला मात्र ती वाटत होती, हे पुढे वाचनात आलं. १९२८च्या ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर धावून बायका दमलेल्या दिसल्या म्हणून ती शर्यत १९६०पर्यंत बंदच ठेवली होती. १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर छातीवर नंबर लावून उतरली, तर शर्यतीचा अधिकारीच तिच्या अंगावर धावून गेला. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं. त्याच लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं आणि आम्ही पोळ्या लाटता लाटता हळहळलो. म्हणजे आमचा वाडा जगाच्या फार मागे होता असं काही नाही. फक्त जगाने निदान नियम छापले होते; आमच्याकडे ओट्यावरच्या आजीवर भागायचं.

आता आम्हाला धावायला शिकवणारा मुलगा आमच्या मुलांपेक्षा लहान आहे. तो "काकू, केडन्स वाढवा" म्हणतो, आम्ही "अरे, दम तर खाऊ दे" म्हणतो, आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नाही. बुटांच्या दुकानात टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक मिलिमीटरमध्ये सांगतात आणि किंमत सांगताना आवाज खाली घेतात. आम्ही शाळेत कॅनव्हासचे बूट घालत होतो. शनिवारच्या कवायतीसाठी शुक्रवारी रात्री ओला खडू फासून ते खिडकीत वाळत ठेवायचे, आणि सकाळी पावलागणिक पांढरी भुकटी उडवत शाळेत जायचं. त्या बुटांत रोज पाच किलोमीटर धावलो असतो तर गुडघ्यांची वाट लागली असती, यात शंका नाही. पण ती शुक्रवारची रात्र, बोटांना लागलेला खडू आणि उद्या आपले बूट वर्गात सगळ्यात पांढरे दिसणार ही खात्री, हे कुठल्याही घडीव बुटाच्या खोक्यात मिळालेलं नाही.

धाकट्या मावशीचं ऑपरेशन झालं ते १९७४ साली. आम्हा मुलांना "मावशीला गाठ आली होती, काढली" एवढंच सांगितलं गेलं. कुठे आली होती हे विचारायचं नाही, हे न सांगता समजलं. ऑपरेशन त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. अमेरिकेतल्या हॉलस्टेड नावाच्या सर्जनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिलेली पद्धत होती: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू, काखेतल्या ग्रंथी, सगळं एकदम काढून टाकायचं. उरलेल्या कातडीखाली फासळ्या मोजता येत. काखेतून जाणारे लसिकेचे मार्ग तुटल्यामुळे मावशीचा हात सुजला, आणि मग आयुष्यभर जडच राहिला. त्यावर उपाय म्हणून तिला नियम मिळाले. बादली उचलायची नाही. कणीक मळायची नाही. पाट्या-वरवंट्याला हात लावायचा नाही. हात खाली लोंबू द्यायचा नाही, निजताना उशीवर ठेवायचा. थोडक्यात, बाईने ज्या ज्या गोष्टींसाठी जन्म घेतला असं आजूबाजूचे समजत होते, त्या सगळ्या तिला वर्ज्य झाल्या.

आणि मग वाडा कामाला लागला. समोरच्या काकू सकाळी नळावर स्वतःच्या दोन कळशांबरोबर मावशीची तिसरी भरून ठेवत. वरच्या मजल्यावरून आमटी यायची, मागच्या बाजूने भाकऱ्या यायच्या, आणि भांडं परत करताना ते रिकामं द्यायचं नाही म्हणून मावशीची सासू त्यात चार दाणे साखर घालायची. दुपारी भेटायला येणाऱ्यांची रीघ. तपकिरी कागदाच्या पिशवीत मोसंबी, एखाद्याकडून शहाळं, मुंबईहून कुणी आलंच तर हॉर्लिक्सची बाटली. येणारी बाई खाटेच्या कडेला टेकायची, मावशीचे पाय चेपल्यासारखे करायची, आणि तासभर बोलायची ते साखरेचा भाव, कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाच्या मुंजीतला घोळ याविषयी. आजाराचा शब्द नाही. जाताना दारात उभं राहून "येते हं, पड तू" एवढंच.

माझ्या वेळी "पड तू" कुणी म्हणालं नाही. माझ्या वेळी फोनवर मुठी आवळलेल्या हातांची चित्रं आली. "यू आर अ फायटर." "कॅन्सरला हरवायचंच." गव्हांकुरांच्या रसाचे आणि लक्ष्मणफळाचे व्हिडिओ तर नळाच्या पाण्याहून नियमित. प्रत्यक्ष मात्र कुणी यायचं नाही, आणि ते योग्यच होतं, कारण केमोनंतर पांढऱ्या पेशी इतक्या खाली जातात की पाहुण्याची साधी सर्दीही महागात पडते. जेवण ॲपवरून मागवता यायचं. ते गरम यायचं, वेळेवर यायचं, आणि डबे टाकून द्यायचे असल्याने त्यात साखर घालून परत पाठवायचा प्रश्नच नव्हता.

आता त्या मोसंब्यांवर मी फार गहिवरायला नको. वाड्यातल्याच एका घरात मावशीचा कप वेगळा ठेवला होता. हा रोग उष्ट्याने लागतो असं बऱ्याच जणांना वाटायचं, आणि खाटेच्या कडेला टेकणाऱ्यांपैकी काही जणी घरी जाऊन अंघोळ करत, हे नंतर कळलं. त्या न विचारण्यात माया होती तशी भीतीही होती. आजाराचा उच्चार टाळणाऱ्या त्या सभ्यतेपायी कितीतरी बायकांनी आपली गाठ वर्षभर कुणाला सांगितली नसेल, आणि सांगितली तेव्हा उशीर झाला असेल. मावशीच्या नशिबात केमोही नव्हतं. स्तनाच्या कर्करोगात ऑपरेशननंतर तीन औषधं मिळून द्यायचा प्रयोग तेव्हा इटलीत मिलानला चालू होता. त्याचे निष्कर्ष छापून आले १९७६ साली. तिला मिळाला तो फक्त शेक. तोही पुण्यात नाही, परळला, टाटाला. १९४१पासून उभ्या असलेल्या त्या इमारतीच्या वाऱ्या महाराष्ट्रातल्या किती घरांनी केल्या असतील! त्यासाठी ती कितीतरी आठवडे लालबागच्या चाळीत चुलतदिराकडे राहिली. एका खोलीत सहा माणसं, त्यात ही सातवी. पण खाट तिला. पुरुषांची अंथरुणं बाहेर गॅलरीत. ज्यांना लालबागला दीर नव्हता त्यांच्यासाठी पुढे दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा झाली, आणि ज्यांना तिथेही जागा मिळाली नाही ते रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर पथारी टाकत. ते अजूनही टाकतात, तेव्हा ही तुलना फार ताणू नये. पण मला शेक मिळाला तो माझ्याच गावात, पाचाऐवजी तीन आठवड्यांत उरकला, आणि रोज मी रिक्षाने जाऊन दुपारच्या जेवणाला घरी हजर. कुणाला खाट सोडावी लागली नाही. कुणी गॅलरीत झोपलं नाही. ही प्रगतीच आहे, आणि मी तिच्याबद्दल कृतज्ञ आहे असं दिवसातून दोनदा स्वतःला बजावते.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या खाटेपाशी आली आणि म्हणाली, "चला काकू, हात वर." मी दचकले. माझ्या कानात मावशीची उशी होती. मग रोज भिंतीसमोर उभं राहून बोटं एकेक करत वर चढवायची. कालच्यापेक्षा बोटभर वर गेली की पेन्सिलने खूण करायची. आमच्या घरात त्या भिंतीवर मुलाची उंची नोंदलेली होती, वाढदिवसागणिक एक रेघ. तिच्या शेजारी माझी रांग सुरू झाली. तो पाचवीत जिथवर पोचला होता तिथे पोचायला मला पंधरवडा लागला.

बादलीचा नियम चूक होता, हे आता पक्कं ठाऊक झालं आहे, आणि ते ठाऊक कसं झालं याची गोष्ट मला फार आवडते. कॅनडात व्हँकुव्हरला डॉन मॅकेन्झी नावाच्या क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरने १९९६ साली हा कर्करोग होऊन गेलेल्या २४ बायकांना चक्क ड्रॅगनबोट वल्हवायला बसवलं. खांदा, दंड, काख यांना एवढं कष्टाचं काम दुसरं नसेल. हात सुजतील अशी सगळ्यांना भीती, सुजले नाहीत. पुढे कॅथरिन श्मिट्झ या संशोधिकेने हात आधीच सुजलेल्या बायकांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली, आणि २००९ साली निष्कर्ष मांडला की सूज वाढली तर नाहीच, उलट अधूनमधून होणारा तिचा उद्रेक कमी झाला. आमच्याकडे हंडा-कळशी वाहणाऱ्या बायकांकडे पाहून हे आधीच कळलं असतं का, असा विचार मनात येतो. पण आमच्याकडे त्यांचे दंड मोजायला टेप घेऊन कोण गेलं होतं?

तर नियम चूक. पण त्या चुकीच्या नियमाने मावशीला आयुष्यात पहिल्यांदा दिवसाढवळ्या पडून राहायची परवानगी मिळाली होती. बाईला तशी परवानगी दोनदाच मिळे: बाळंतपणात सव्वा महिना, आणि असं काही झालं तर. मी तिला दुपारी तीन वाजता खाटेवर आडवी होऊन मासिक वाचताना पाहिलंय. त्याआधी तिला वाचता येतं हेही मला नीट माहीत नव्हतं. खिडकीतून ऊन यायचं, नळावरची भांडणं ऐकू यायची, आणि ती पान उलटायची, डाव्या हाताने, कारण उजवा उशीवर. डॉक्टरांनी सांगितलंय, यापुढे घरातल्या कुणाचं काही चालत नसे. सासूचंही नाही.

महिन्याच्या चार दिवसांचे गोडवे गाणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. "बाहेर बसायचो तेव्हा तेवढीच विश्रांती मिळायची गं." त्यांच्याशी मी कडकडून भांडले आहे. कोपऱ्यात बसवलेल्या बाईच्या विश्रांतीचं कौतुक कसलं करता, असं त्यांना तावातावाने विचारलं आहे. आणि आता मी मावशीच्या खाटेविषयी हे असं लिहिते आहे. फरक काय, तर माझ्या बाजूने डॉक्टर होता.

शिवाय मावशीची बादली जागची आपोआप हलत नव्हती. काकूंनी नळावरची कळशी भरली ती पहिले दोन-तीन महिने. नंतर कुणाकुणाच्या घरी बाळंतपणं निघाली, लग्नं निघाली, आणि वाड्याची माया वाड्याच्या कामांत विरघळली. मग पाणी भरलं ते मावशीच्या थोरल्या मुलीने. ती नववीत होती. कणीक तिने मळली, धुणं तिने धुतलं, आणि सहामाहीनंतर ती शाळेत गेलीच नाही. वर्गात ती सगळ्यांत पुढे होती असं म्हणावं, तर तसंही नव्हतं. साधारण मुलगी होती, पास झाली असती, पुढे कुठेतरी टायपिंग शिकून नोकरीला लागली असती. मावशी त्यानंतर सात-आठ वर्षं जगली. मावसबहिणीचं लग्न त्याआधीच उरकून टाकलं होतं.

आता माझ्या धावण्याविषयी सांगते. उपचारांनंतरचं धावणं म्हणजे हिंमत, जिद्द वगैरे असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ते हिशेब ठेवण्याचं काम आहे. केमोतलं ते लाल औषध हृदयाच्या स्नायूला दुखवू शकतं, म्हणून आधी आणि नंतर टू-डी एको. दुसऱ्या एका औषधाने पायाची बोटं बधिर होतात; बूट चावतोय हे घरी येऊन मोजा काढल्यावर कळतं. हार्मोन दाबणारी रोजची गोळी पाच वर्षं, काहींना दहा, आणि तिच्यामुळे सकाळी उठल्यावर सगळे सांधे गंजलेले. हाडं विरळ होतात म्हणून त्यांचीही घनता मोजायची. सुजू शकणाऱ्या हाताला घट्ट बाही. शेक घेतलेल्या कातडीला ऊन चालत नाही आणि घासलेलंही चालत नाही. एवढं सगळं सांभाळून सुरुवात कसली, तर एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. धावताना बोलता आलं पाहिजे. गाता येत असेल तर फार हळू चाललंय. आमच्या गटात गाण्याचा प्रयत्न कुणी केलेला नाही, बोलणं मात्र कधी थांबलेलं नाही.

थकवा हा तर निराळाच प्रकार. तो झोपून जात नाही. मावशीलाही तो असणार. ती दिवसभर पडून असायची आणि तरी तिचं अंग उचलत नसे. सगळे म्हणायचे, आजारच तसा. आता डॉक्टर सांगतात की या थकव्यावर पडून राहण्याने आणखी थकवा येतो आणि हलत्या पायांनी तो कमी होतो. आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास का होईना. खरं आहे, मी अनुभवलंय. पहिल्यांदा न थांबता विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला वळसा घालून आले त्या दिवशी घरी येऊन भांडी घासली, आणि मग लक्षात आलं की आज भांडी घासताना स्टूल घेतलं नाही.

पदर गेला, हे मात्र मला जड गेलं. मावशीने जुन्या सुती साडीची पिशवी शिवून तिच्यात मोहरी भरली होती, थोडा कापूस, थोडी मोहरी, दुसऱ्या बाजूच्या वजनाच्या अंदाजाने. ती ब्लाउजला आतून पिनेने टाचायची. उकाड्यात ती पिशवी वर सरकायची, आणि मावशी बोलता बोलता पदराखालून ती जागेवर आणायची, इतकी सफाईने की समोरच्याला वाटावं, पदरच सारखा करतेय. शिंप्याकडे मापाचा ब्लाउज द्यायची, स्वतः कधी गेली नाही. आता सिलिकोनचं मिळतं, लोकरीचे विणून देणाऱ्या बायकाही आहेत, आणि त्यासाठी खिसा शिवलेल्या ब्रा दुकानात टांगलेल्या असतात. पण धावताना सिलिकोन जड होतं, त्याखाली घाम साचतो, म्हणून आमच्यातल्या काही जणी ते घरीच ठेवतात. टी-शर्टला पदर नसतो. काय आहे आणि काय नाही, ते सगळ्या पुण्याला दिसतं. तरुण मुली म्हणतात, किती मोकळं ना! मी हो म्हणते. मोकळं आहेच. तरी घाटाच्या चढावर समोरून कुणी ओळखीचे भावजी येताना दिसले की माझा हात नसलेल्या पदराकडे जातो.

साडीतही धावता येतं, हे आम्हाला फार उशिरा दाखवलं गेलं. बारामतीच्या लता करे नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून नऊवारीत, अनवाणी शर्यतीत उतरल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला. मिलिंद सोमणबरोबर त्याच्या आई उषा सोमण साडीत अनवाणी धावल्या तेव्हा आमच्या पिढीच्या बायकांनी ते चित्र एकमेकींना पाठवून पाठवून झिजवलं. याच मिलिंद सोमणने रीमा संघी यांच्याबरोबर २०१२ साली मुंबईत फक्त बायकांची पिंकेथॉन सुरू केली, स्तनांच्या कर्करोगाविषयी बोलतं करण्यासाठी. तोवर मॅरेथॉन म्हणजे आम्ही फुटपाथवर उभं राहून पाहायची गोष्ट. पुण्याची १९८३ला सुरू झाली तेव्हा मुलाला कडेवर घेऊन टाळ्या वाजवल्या. मुंबईची २००४ला सुरू झाली ती टीव्हीवर पाहिली. कधी काळी त्या दोरीच्या पलीकडे आपण असू हे डोक्यातही नव्हतं. ते यायला स्तन जावा लागला, हा हिशेब मी अनेकदा मांडून पाहते आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

गुलाबी रंगाचा मात्र उबग आला आहे. ऑक्टोबर लागला की टी-शर्ट गुलाबी, फुगे गुलाबी, बँकेतल्या बाईंची रिबिन गुलाबी. मावशीच्या काळी कुणी बोलत नव्हतं, आता महिनाभर सगळे एकदम बोलतात आणि नोव्हेंबरात दिवाळीच्या खरेदीला लागतात. तरी शर्यतीचा दिवस मला आवडतो, आणि तो आवडण्याचं कारण धावणं नाही. मुंबईत पेडर रोडच्या चढावर पाय संपत आलेले असताना कडेला उभी असलेली अनोळखी माणसं हातात काहीतरी ठेवतात. संत्र्याची फोड. चिक्कीचा तुकडा. अर्धं केळं. चिमूटभर मीठ. घरून सोलून, चिरून, ताटलीत लावून आणलेलं. एक म्हातारे गृहस्थ तर नुसतेच "सावकाश, सावकाश" म्हणत उभे होते. आजार विचारत नाहीत, नाव विचारत नाहीत. बायका म्हणतात, या माणसांमुळे चढ संपतो. माझा तो चढ यांच्यामुळे लांबतो, कारण मी थांबून खाते.

जुन्या काळी आजार नशिबाचा होता. त्यात एक क्रूर सोय होती: जे झालं त्यात बाईचा दोष नव्हता, देवाचा होता. आता चालायला जातेस ना, साखर सोडलीस ना, वजन किती, असे प्रश्न येतात, आणि त्यांच्या पोटात एक न विचारलेला प्रश्न असतो. व्यायामाने धोका कमी होतो असं अभ्यास सांगतात, पण कमी होणं आणि नाहीसं होणं यांत जी दरी आहे तिच्यात आमच्या गटातली एक मैत्रीण गेली. आमच्यात सगळ्यांत शिस्तीची. पावसात धावायची, ताप असला तर तेवढा एक दिवस सोडायची, आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करायची. हाडांत परत आलं. शेवटी शेवटी तिने मला विचारलं, "माझं काय चुकलं गं?" मावशीने हा प्रश्न कधी विचारला नव्हता. तिने विचारला असता तर वाड्यातल्या बायकांनी मागच्या जन्मावर ढकलला असता, आणि तो मूर्खपणा त्या दिवशी माझ्याजवळ असता तर मी तो आनंदाने वापरला असता.

एवढं झाल्यावर सांगायला हवं की पडून राहण्याची परवानगी अगदीच नामशेष झालेली नाही. ती आता कोचकडून मिळते. दर महिन्याला तो वेळापत्रक पाठवतो, त्यात मंगळवारपुढे 'रेस्ट डे' असं लिहिलेलं असतं, आणि आमच्या गटातल्या बायकांनी ते कागदावर छापून फ्रिजवर चिकटवलं आहे. स्नायू धावताना नाही, विश्रांतीत घडतात, असं तो म्हणतो. ते शास्त्र पूर्ण समजलेलं नसलं तरी ते वाक्य आम्ही घरोघरी पाठ केलं आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, याची जागा कोचने सांगितलंय याने घेतली. निवृत्त बँक मॅनेजर नवरे मंगळवारी चहा करायला शिकले. एकीने तर वेळापत्रकात स्वतःच्या हाताने शुक्रवारही घातला आहे.

पण त्या मंगळवारी आमच्याकडच्या पोळ्या कोण करतं? ज्या करतात त्या ताई सकाळी सहा घरं करतात, दोन बस बदलून येतात, आणि एका घरून दुसऱ्या घरी अक्षरशः धावत जातात. माझं घड्याळ एकदा गंमत म्हणून त्यांच्या मनगटावर बांधलं, तर संध्याकाळचा आकडा पाहून मी ते मुकाट्याने काढून घेतलं. त्यांना रेस्ट डे नाही. त्यांच्याही काखेजवळ काहीतरी लागतंय असं त्या परवा पोळी भाजता भाजता बोलून गेल्या, पाण्याचा नळ गळतोय हे सांगावं तशा. मी त्यांना टाटाने मुंबईच्या वस्त्यांत वीस वर्षं केलेल्या कामाविषयी सांगितलं: सुमारे दीड लाख बायका, त्यांतल्या निम्म्यांची शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने केलेली तपासणी, ना मशीन ना खर्च, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बघू ताई, दिवाळी झाली की."

दिवाळी लांब आहे. मी पुढच्या मंगळवारची वेळ घेतली आहे, सकाळी साडेनऊची, आणि बरोबर मी जाणार आहे. उरलेल्या पाच घरी आज फोन केले. दोघींनी लगेच हो म्हटलं, एकीने पाहुणे येणार असल्याचं सांगितलं, एकीने "मग बदली कोणी पाठवणार का?" विचारलं, आणि एकीकडे फोन उचलला नाही. आमच्या घरी यजमान म्हणतात, त्या दिवशी बाहेरून मागवू. मी म्हटलं, कणीक मळायला घ्या, मी तिंबायला शिकवते.